रेंज बांधून झाली, पुढे काय?

गेल्या पावसाळ्यात एका जिल्हा क्रीडा संकुलातल्या दहा मीटरच्या रेंजवर मी एक सकाळ काढली. दहा लेन होत्या. त्यांतल्या सहांवर काही वर्षांपूर्वी सरकारी निधीतून इलेक्ट्रॉनिक टार्गेट बसवलेली, पण चालू होती फक्त दोन. बाकीच्या लेनवर पुन्हा दोरी आणि चाक आले होते. नववीतली एक मुलगी कागदी टार्गेट क्लिपला लावायची, हाताने चाक फिरवायची, कागद डुलत डुलत पलीकडच्या टोकाला जायचा. त्याची थरथर थांबेपर्यंत ती वाट पाहायची, श्वास सोडत एक छर्रा मारायची आणि पुन्हा चाक फिरवून कागद जवळ आणून भोक कुठे पडले ते बघायची. कोपऱ्यात छत ठिबकत होते, खाली रंगाचा रिकामा डबा ठेवलेला. बाकीची चार टार्गेट कधीपासून बंद आहेत, असे मी प्रशिक्षकांना विचारले. ते म्हणाले, "दोन पावसाळे झाले. बोर्ड गेलेत. कंपनीचा माणूस यायला तयार आहे, पण त्याचं बिल कुठल्या हेडमधून टाकायचं, हे कुणी सांगत नाही."

नेमबाजी आणि धनुर्विद्येच्या रेंजसाठी आपल्याकडे सरकारी पैसा येतो, आणि पूर्वीपेक्षा बराच जास्त येतो. तो कोणत्या वाटांनी येतो, कशावर खर्च होतो आणि कुठे येऊन थांबतो, ते इथे पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. आपले अनुदान इमारतीसाठी असते, सरावासाठी नसते. कोनशिला बसते, फीत कापली जाते, आणि ज्या दिवशी पहिला बल्ब जातो त्या दिवसापासून रेंज पोरकी होते. पैसा वाढवण्याआधी हे बदलले पाहिजे.

रेंज म्हणजे काय, हे ज्याने जवळून पाहिलेले नाही त्याला ती एक लांबट खोली किंवा मोकळे मैदान वाटते. प्रत्यक्षात ते एक मोजमापाचे यंत्र आहे. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पन्नास मीटरवर तो १०.४ मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. दहा मीटरच्या टार्गेटवर किमान १५०० लक्स प्रकाश पडला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. दोन ट्यूब गेल्या की तो पडत नाही, आणि मुलगी अंदाजाने मारायला शिकते. एअर रायफलच्या सिलिंडरमध्ये दाबाखालची हवा भरावी लागते, म्हणजे कॉम्प्रेसर लागतो आणि त्याची सर्व्हिसिंग लागते. इलेक्ट्रॉनिक टार्गेटमध्ये कागदाचा किंवा रबराचा पट्टा सतत सरकत असतो, तो संपतो. पावसाळ्यातल्या दमट हवेने सर्किट बोर्ड खराब होतात. स्पर्धेत साठ गोळ्यांना इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर एक तास पंधरा मिनिटे मिळतात आणि कागदावर दीड तास. त्यामुळे दोरी-चाकावर घडलेला खेळाडू राज्य स्पर्धेला जातो तेव्हा त्याची लयच वेगळी असते. त्याला नेम येतो, पण त्या वेगात खेळायची सवय नसते.

पंचवीस आणि पन्नास मीटरचा मामला आणखी अवघड. तिथल्या पॉइंट टू टू बोअरच्या रायफलची किंवा पिस्तुलाची गोळी मोकळी सुटली तर दीड किलोमीटरहून लांब जाऊ शकते. म्हणून मागे भक्कम भिंत किंवा मातीचा उंच बांध हवा, वर आडव्या फळ्या हव्यात, बाजूच्या भिंती हव्यात. शस्त्रे ठेवायला कुलूपबंद, पहाऱ्यातली खोली हवी. याउलट ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला आपल्याकडे परवाना लागत नाही. त्यामुळे दहा मीटरची रेंज शाळेच्या सभागृहातही उभी राहू शकते. दादरच्या स्वातंत्र्यवीर सावरकर स्मारकासारख्या भर वस्तीतल्या संस्थेत नेमबाजी चालते, ती यामुळेच. अनुदानाचा विचार करताना हा फरक फार महत्त्वाचा आहे, पण योजनांच्या कागदांवर तो क्वचित दिसतो. तिथे फक्त 'शूटिंग रेंज – १ नग' असे लिहिलेले असते.

धनुर्विद्येचे गणित वेगळे. रिकर्व्ह धनुष्याचा तिरंदाज सत्तर मीटरवरून १२२ सेंटिमीटरच्या टार्गेटवर बाण मारतो, कंपाउंड धनुष्याचा पन्नास मीटरवरून ८० सेंटिमीटरच्या. जागा लांब लागते, पण छप्पर लागत नाही. सपाट जमीन, मागे बांध किंवा जाळी, कुंपण आणि बट्रेस. ज्याच्यावर टार्गेटचा कागद लावतात त्या जाड गादीला सगळे तिरंदाज बट्रेस म्हणतात. जोमाने सराव करणारा खेळाडू दिवसाला दोनशे-तीनशे बाण सोडतो आणि ते बहुतेक सगळे बट्रेसच्या मध्यभागी बसतात. काही महिन्यांत मधला भाग पोकळ होतो आणि बाण आरपार जाऊन मागच्या गवतात घुसतो. मग दहा-बारा मुले गुडघाभर गवतात वाकून बाण शोधत फिरतात. चांगला कार्बन बाण काही हजार रुपयांचा असतो, म्हणून तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही. गवत वेळेवर कापले असते तर तो तास सरावात गेला असता. पण गवत कापायला योजना नाही.

आता पैशाच्या वाटा पाहू. आपल्या राज्यघटनेत खेळ हा राज्यसूचीतला विषय आहे, म्हणून मूळ जबाबदारी राज्याची. तरीही केंद्राचा मोठा ओघ 'खेलो इंडिया'तून येतो. २०१६-१७ मध्ये तीन जुन्या योजना एकत्र करून ती सुरू झाली, पुढच्या तीन वर्षांसाठी १,७५६ कोटी रुपये ठरले आणि २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ३,१६५.५० कोटी. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या एका योजनेला १,००० कोटी रुपये दिले गेले. क्रीडासुविधा उभारणे हा तिचा एक भाग आहे. दुसरा भाग छोट्या केंद्रांचा: जिल्ह्यातल्या खेलो इंडिया केंद्राला एका खेळासाठी सुरुवातीला एकदाच पाच लाख आणि नंतर दरवर्षी प्रशिक्षकाचे मानधन, साहित्य, किरकोळ खर्च यांसाठी पाच लाख. रक्कम छोटी आहे. पण सगळ्या योजनांमध्ये मला हा तुकडा सर्वांत शहाणा वाटतो, कारण 'दरवर्षी' हा शब्द त्यात आहे.

याखेरीज १९९८ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय क्रीडा विकास निधी आहे. त्यात कंपन्या आणि व्यक्ती देणगी देऊ शकतात. खासदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी मिळतात, त्यातूनही क्रीडासुविधा होतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे, म्हणून सामाजिक दायित्वाचा पैसाही इकडे वळू शकतो. राज्याच्या बाजूला तालुका, जिल्हा आणि विभागीय क्रीडा संकुलांची मालिका आहे. या संकुलांच्या अनुदानाच्या मर्यादा गेल्या काही वर्षांत चांगल्याच वाढल्या. जिल्हा नियोजन समितीचा निधी आहे. आणि आता 'मिशन लक्ष्यवेध' आहे, ज्यात ऑलिम्पिकमधले निवडक खेळ घेतले असून नेमबाजी आणि धनुर्विद्या दोन्ही त्यात आहेत.

एवढ्या वाटा असताना बोर्ड दुरुस्त का होत नाही? कारण फाइलचा प्रवास. रेंजची मागणी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडून निघते. अंदाजपत्रक होते, प्रशासकीय मान्यता मिळते, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा. काम बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या किंवा वास्तुविशारदाच्या हाती. बांधकामाच्या दरसूचीत वीट, सिमेंट, फरशी, रंग सगळ्यांचे दर असतात, इलेक्ट्रॉनिक टार्गेटचा नसतो. त्यासाठी वेगळी दरपत्रके मागवा, वेगळी मंजुरी घ्या. म्हणून फरशी चकचकीत होते आणि टार्गेट 'दुसऱ्या टप्प्यात' जातात. खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. केंद्राच्या वित्तीय नियमांनुसार ते आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यायचे. प्रमाणपत्र एवढेच सांगते की पैसा ज्या कामासाठी दिला त्या कामावर खर्च झाला. त्या रेंजवर किती मुलांनी किती दिवस सराव केला, हे त्यात विचारलेले नसते. आणि देखभाल? ती अनुदान घेणाऱ्याची जबाबदारी, असे कागदावर असते. अनुदान घेणाऱ्या समितीचे उत्पन्न म्हणजे जलतरण तलावाची फी, लग्नासाठी दिलेले लॉन आणि बॅडमिंटन हॉलचे तासाचे भाडे. त्यातून वीजबिल आणि पहारेकऱ्याचा पगार निघाला तरी खूप.

मी कुणा अधिकाऱ्याला दोष देत नाही. ज्या क्रीडा अधिकाऱ्यांना मी ओळखतो ते सुट्टीच्या दिवशीही मैदानावर असतात. दोष लेखाशीर्षाचा आहे. भांडवली खर्चाला दार उघडे आणि आवर्ती खर्चाला बंद, अशी रचना असेल तर माणूस कितीही चांगला असो, तो नवी रेंज मागेल, जुनी दुरुस्त करणार नाही.

रेंज आपल्याकडे आल्या कशा, हेही थोडे पाहायला हवे, कारण सवय तिथूनच लागली आहे. भारतीय नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवोदित नेमबाजांना राष्ट्रीय स्पर्धेच्या दारापर्यंत नेते. पण त्या काळी रेंज होत्या त्या पोलिसांच्या, लष्कराच्या आणि रायफल क्लबांच्या. क्लब सभासदांच्या वर्गणीवर चालायचे. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज होती, नेमबाज अंजली भागवत तिथेच घडल्या. मोठा सरकारी पैसा आला तो मोठ्या स्पर्धांबरोबर. दिल्लीत तुघलकाबादची रेंज १९८२ च्या आशियाई स्पर्धेसाठी झाली आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी ती नव्याने बांधली. तिला डॉ. कर्णी सिंह यांचे नाव आहे. पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीची क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी उभी राहिली आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत नेमबाजीही तिथे झाली. स्पर्धा आली की पैसा येतो, स्पर्धा गेली की कुलूप लागते. बालेवाडीचे नशीब बरे, कारण २०११ पासून नेमबाज गगन नारंग यांच्या संस्थेची अकादमी तिथे सुरू झाली आणि रेंजवर रोज माणसे येत राहिली. रेंज सरकारी आणि ती चालवणारा दुसरा, ही पद्धत इतर ठिकाणीही उपयोगी पडेल. अट एकच, फी किती आणि स्थानिक शाळांना किती तास राखून, हे करारातच लिहिलेले हवे. नाहीतर सार्वजनिक पैशाने बांधलेली रेंज ज्यांना परवडते त्यांच्यापुरती उरते.

आणि परवडण्याचा प्रश्न या खेळात फार टोकदार आहे. नेमबाज अभिनव बिंद्रांच्या २००८ च्या ऑलिम्पिक सुवर्णपदकामागे त्यांची जिद्द होती आणि घरी वडिलांनी बांधून दिलेली रेंजही होती. ज्यांच्या घरी रेंज नाही त्यांच्यासाठीच सरकारी रेंज असते. कोल्हापूरच्या दुधाळी मैदानावरच्या रेंजवरून तेजस्विनी सावंत पुढे आल्या आणि २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या. त्याच शहरातल्या राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला नेमबाज ठरल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले. भारताला या प्रकारात मिळालेले ते पहिले ऑलिम्पिक पदक.

कुसाळे यांची वाटचाल नीट वाचली तर अनुदानाचा सगळा धडा तिच्यात आहे. ते २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत आले आणि नेमबाजी त्यांनी तिथे निवडली. नंतर मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी मिळाली. २००९ ते २०२४, पंधरा वर्षे. क्रीडा प्रबोधिनी म्हणजे इमारत नसते. ती राहण्याची, जेवणाची, शाळेची, प्रशिक्षकाची आणि साहित्याची दरमहा होणारी सोय असते. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या मजूर कुटुंबातले प्रवीण जाधव धनुर्विद्येत टोकियो ऑलिम्पिकपर्यंत गेले, तेही याच प्रबोधिनीतून. महाराष्ट्राच्या सरकारी पैशाने जिथे ऑलिम्पियन घडवले तिथे तो पैसा आवर्ती होता. हे समोर दिसत असताना आपण पुन्हा पुन्हा भांडवली खर्चाकडेच का वळतो?

साताऱ्याचेच पाहा. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये सतरा वर्षांची अदिती स्वामी कंपाउंडमध्ये विश्वविजेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळेही विश्वविजेता झाला. ओजसने अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मिळवले. दोघेही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे शिकत होते. सराव उसाच्या रानातल्या मैदानावर. ही गोष्ट आपण सभांमध्ये अभिमानाने सांगतो. मला तिच्यात अभिमानाइतकीच शरम वाटते. उसाच्या रानातून विश्वविजेते घडले, कारण एका पोलीस दलातल्या माणसाने आपला वेळ घातला आणि पालकांनी कर्ज काढले. व्यवस्थेने काय घातले, हा प्रश्न सत्कार समारंभात विचारायचा नसतो, म्हणून इथे विचारतो. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच येणार आहे. धनुर्विद्येत भारताला आजवर एकही ऑलिम्पिक पदक नाही. साताऱ्यासारख्या जिल्ह्यात पावसाळ्यातही सराव करता येईल असे, एका बाजूने उघडे पण तिरंदाजांच्या डोक्यावर पत्रा असलेले पन्नास मीटरचे मैदान बांधायला किती पैसे लागतील? नेमबाजीच्या एका वातानुकूलित रेंजच्या तुलनेत फारच थोडे. माझ्या मते कमीत कमी रुपयांत जास्तीत जास्त मुले खेळवायची असतील तर आधी धनुर्विद्येकडे पाहावे. बांबूच्या धनुष्याने तीस आणि पन्नास मीटरवर खेळला जाणारा 'इंडियन राउंड' हा आपला स्वतःचा प्रकार आहे. मेळघाटात, गडचिरोलीत, नंदुरबारला आश्रमशाळेच्या मैदानावर चार बट्रेस आणि एक मातीचा बांध टाकला तरी खेळ सुरू होतो. तिथून पुढे रिकर्व्ह किंवा कंपाउंडला जाणाऱ्या मुलासाठी मात्र धनुष्याची सोय कुणीतरी करायला हवी, कारण तिथे खर्च लाखाच्या घरात जातो.

परदेशात याच प्रश्नावर सर्वांत जुनी आणि ठाशीव व्यवस्था अमेरिकेत आहे. तिथे २ सप्टेंबर १९३७ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली. सिनेटर की पिटमन आणि प्रतिनिधी विलिस रॉबर्टसन यांच्या नावाने तो ओळखला जातो. लांब बंदुका आणि काडतुसे यांवरचा अकरा टक्के उत्पादन कर वन्यजीव संवर्धनासाठी बाजूला काढायचा आणि राज्यांना वाटायचा, ही त्याची कल्पना. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पिस्तुलांवरचा दहा टक्के आणि धनुष्यबाणावरचा अकरा टक्के करही त्यात आला. या नव्या भागातला निम्मा वाटा शिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी आणि सार्वजनिक रेंज बांधण्यासाठी, चालवण्यासाठी वापरता येतो. अलीकडच्या वर्षांत या कायद्याखाली राज्यांना वर्षाला एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळाली आहे. ॲरिझोनात फिनिक्सजवळची बेन एव्हरी रेंज राज्याचा वन्यजीव विभाग स्वतः चालवतो. तिचा परिसर साडेसोळाशे एकरांचा आहे आणि तिथे रायफल, पिस्तूल, धनुर्विद्या सगळे चालते.

त्या व्यवस्थेच्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. पैशाचा उगम ठरलेला आहे: खेळणाराच साहित्य घेताना कर भरतो आणि तो कर त्याच्या मैदानाकडे परत येतो, दरवर्षी नव्याने मागणी करावी लागत नाही. राज्याला आधी खर्च करावा लागतो आणि मग केंद्राकडून परतफेड मिळते. मूळ नियम तीन हिस्से केंद्राचे आणि एक राज्याचा, म्हणून राज्याचाही स्वतःचा पैसा अडकलेला असतो आणि लक्ष राहते. तिसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. वर्षानुवर्षे राज्ये पुरेशा रेंज बांधत नव्हती, कारण पंचवीस टक्के हिस्सा जड जात होता आणि दोन वर्षांत पैसा खर्च करायचे बंधन होते. जमीन, परवानग्या, बांधकाम हे दोन वर्षांत बसत नाही. मग मे २०१९ मध्ये कायदा दुरुस्त केला. रेंजसाठी राज्याचा हिस्सा दहा टक्क्यांवर आणला आणि पैसा वापरायची मुदत पाच वर्षे केली. योजना का अडते ते पाहून त्यांनी नेमका तोच खिळा काढला. आपल्याकडे मार्चअखेर निधी परत जातो म्हणून फेब्रुवारीत घाईने फरशी बसवली जाते. तो खिळा आपण अजून काढलेला नाही.

ती व्यवस्था जशीच्या तशी आणावी असे मी म्हणत नाही. तिच्या मागे खासगी बंदुकांचा अफाट बाजार आहे आणि त्या बाजाराचे दुःख तो देश रोज भोगतो. आपला १९५९ चा शस्त्र कायदा कडक आहे आणि तो तसाच राहावा. घेण्यासारखे आहे ते हिशेबाचे शहाणपण.

पैशाच्या चर्चेत शिशाचा विषय निघतच नाही, म्हणून तो इथे काढतो. गोळी शिशाची असते. ती स्टॉप बटवर, म्हणजे मागच्या भिंतीवर किंवा बांधावर, आदळून फुटते तेव्हा बारीक धूळ उडते. पॉइंट टू टूच्या काडतुसातल्या पेट घेणाऱ्या मिश्रणातही शिसे असू शकते, म्हणून बंद जागेत हवा खेळती नसेल तर ते श्वासातून शरीरात जाते. मुलांच्या वाढत्या मेंदूला शिसे फार वाईट. उघड्या रेंजच्या बांधात वर्षानुवर्षे शिसे साचते आणि पावसाच्या पाण्याबरोबर वाहू शकते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने उघड्या रेंजवरच्या शिशासाठी चांगल्या पद्धतींची पुस्तिका काढली आहे: ठरावीक काळाने शिसे गोळा करा, मातीचा सामू सांभाळा, पाणी अडवा. गोळा केलेले शिसे भंगारात विकले जाते, म्हणजे थोडे उत्पन्नही येते. आपल्या रेंज-अनुदानात हवेच्या पंख्यांची क्षमता, झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसण्याची सोय, हात धुण्याचे बेसिन, मुलांच्या रक्तातल्या शिशाची वर्षातून एकदा तपासणी, एवढ्या साध्या अटी घातल्या तर खर्च फार वाढणार नाही. ज्या रेंजवर मी गेलो होतो तिथे प्रशिक्षक रोज झाडूने कोरडे झाडून घेत होते. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

मग करायचे काय? सर्वांत आधी, रेंजसाठी मंजूर होणाऱ्या प्रत्येक रकमेतला काही भाग, समजा पाचवा हिस्सा, पहिल्या पाच वर्षांच्या देखभालीसाठी वेगळ्या खात्यात बांधून ठेवावा आणि तो दुसरीकडे वळवता येऊ नये. इलेक्ट्रॉनिक टार्गेट घेताना निविदेतच पाच वर्षांचा दुरुस्ती करार घालावा. म्हणजे बोर्ड गेला तर 'हेड' शोधावे लागणार नाही. आणि उपयोगिता प्रमाणपत्राबरोबर सरावाची नोंदवही जोडावी. कुठल्या लेनवर, कोण, किती तास, एवढेच. ज्या रेंजची वही भरलेली असेल तिला पुढच्या वर्षी आधी पैसा मिळावा. नवी रेंज हवी असेल तर जिल्ह्यातली जुनी चालू आहे, हे आधी दाखवावे लागेल. हे करायला नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरेसा आहे. खेळाचे नवे राष्ट्रीय धोरण जुलै २०२५ मध्ये मंजूर झाले आहे, राज्यही आपल्या योजनांची फेरमांडणी करते आहे. ही वेळ योग्य आहे.

त्या सकाळी मी निघालो तेव्हा नववीतल्या त्या मुलीचे साठातले बेचाळीस छर्रे झाले होते आणि शाळेची वेळ झाली होती. तिने उरलेले छर्रे मोजून डब्यात परत ठेवले आणि दप्तर उचलले. चाकावर जो वेळ गेला तो तिला परत कोण देणार?

वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या जिल्ह्याच्या क्रीडा संकुलात एकदा जा. रेंज आहे का, आठवड्यातून किती दिवस उघडी असते, किती लेन चालू आहेत आणि यंदा देखभालीसाठी किती रुपये ठेवले आहेत, हे चार प्रश्न जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना लेखी विचारा. तोंडी उत्तर मिळाले तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा, त्याची फी दहा रुपये आहे. आणि मिळालेले उत्तर आपल्या आमदारांना आणि जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांना पुढच्या बैठकीआधी नेऊन द्या.